झडतीकाकांची व्हॅन

झडतीकाका सकाळी दाढीला बसले की आधी ब्लेड उजेडात धरून बघायचे. कालच्यापेक्षा बोथट वाटलं तर घरात कुणी पेन्सिल तासली का, याची चौकशी सुरू व्हायची. दुधाची पिशवी हातावर तोलणं, साखरेच्या पुड्याची चिकटवलेली कड नखाने तपासणं, डॉक्टरांनी लिहिलेलं गोळीचं नाव आणि दुकानदाराने दिलेल्या पाकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघणं, हे सगळं पहिल्या चहाच्या आत उरकायचं. काकू पाहुण्यांना सांगायच्या की लग्नाच्या दिवशीसुद्धा यांनी मला नाव दोनदा विचारून घेतलं होतं, दुसरीच कुणी बसवली नाही ना म्हणून. पाहुणे हसायचे. काका हसायचे नाहीत, कारण ते खरं होतं.

हा स्वभाव त्यांना नोकरीने दिला. पितळी नळ बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर ते बावीस वर्षं झडती घ्यायला उभे होते. भोंगा झाला की कामगारांची रांग लागायची, प्रत्येकाने डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे, हात वर करायचे. सुरुवातीला काका ओळखीच्यांना असंच सोडायचे. त्यात एक जिवलग मित्र होता, रोज बरोबर चहा पिणारा. एका संध्याकाळी त्याच मित्राच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात सात पितळी तोट्या सापडल्या, आणि त्या काकांना नव्हे, तर रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या साहेबांना. मित्राची नोकरी गेली, काकांना तीन महिने घरी बसवलं. परत कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी पॉलिश खात्यातल्या आपल्या सख्ख्या भावाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. काकांना वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं, पण भावाची झडती त्यांनी एकही दिवस चुकवली नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रं विकली गेली, छताचे पत्रेसुद्धा गेले. काकांनी घेतली ती कारखान्याची जुनी पांढरी व्हॅन. रोज फाटकातून जाता-येता तिची झडती घेतलेली, त्यामुळे तिच्या पोटाखाली कुठे काय आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. जगात पूर्ण भरवसा ठेवावा अशी एवढी एकच वस्तू त्यांना सापडली होती. चालकाशेजारची सीट उचलली की खाली इंजिन, मागे दोन बाक काढून केलेली मोकळी जागा. या जागेत ते एका मोठ्या लाँड्रीचे कपडे नेऊ लागले. धुतलेल्या चादरी, टॉवेल, गादीवरच्या खोळी सकाळी पोचवायच्या, मळलेल्या आणायच्या, दुपारी पुन्हा तीच फेरी वेगळ्या ठिकाणी. दोन लॉज, एक दवाखाना, एक केस कापायचं मोठं दुकान, अशी गिऱ्हाइकं.

साठी उलटली आणि काकांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला. सकाळच्या फेरीला क्लच दाबला जाई, दुपारी जात नसे. त्याच सुमारास जावई ज्या छापखान्यात यंत्र चालवायचा तो छापखाना बंद झाला. मुलगी आणि जावई वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. तेव्हा दुपारची फेरी जावयाने करावी हे काकूंनी ठरवलं आणि काकांनी नाइलाजाने मान्य केलं. पुढे लाँड्रीला टेकडीवरच्या इस्पितळाचं काम मिळालं, तेही दुपारच्याच फेरीत आलं.

जावई फारसा बोलत नसे. कमी बोलणारी माणसं काकांना आधीपासूनच संशयास्पद वाटत. जास्त बोलणारीही वाटत. त्यातून हा जावई, म्हणजे कारखान्यातल्या कामगारासारखं हात वर करून उभं करण्याची सोय नाही. त्याच्याशी 'तुम्ही' म्हणून बोलायचं, तो जेवायला बसला की आग्रह करायचा, आणि मनात जे चाललंय ते मनातच ठेवायचं. काकांच्या जिवाची घालमेल होत होती ती याच्यामुळे.

मनात चाललं होतं ते पेट्रोलचं. व्हॅनचा काटा मनाचा राजा, टाकी अर्धी असताना पूर्ण दाखवायचा आणि पूर्ण असताना झोपून राहायचा. म्हणून काकांनी वेताची एक पातळ छडी करून घेतली होती. टाकीच्या तोंडातून ती तळापर्यंत सोडायची, बाहेर काढायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. सकाळी आपण फिरतो तेव्हा छडी तीन बोटं कोरडी होते आणि दुपारी जावई फिरतो तेव्हा पाच बोटं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि मनात पाल चुकचुकली. दोन बोटं पेट्रोल जातं कुठे? काकूंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, दुपारी रहदारी असते. काकांना ते पटलं नाही. रहदारी ही सबब त्यांनी फाटकावर हजार वेळा ऐकली होती.

मग त्यांनी भंगार बाजारातून टाकीला एक कुलपाचं झाकण आणलं. मूळ झाकण साधं होतं, कुणीही फिरवावं आणि उघडावं. नवं जाडजूड, किल्लीवाचून न हलणारं. किल्ली काकांच्या जानव्यासारखी सदा अंगावर, म्हणजे गळ्यातल्या दोऱ्यात. पण झाकण घरी आणून त्यांनी उजेडात धरलं तर मधोमध टाचणी जाईल एवढं भोक. काका हसले. बनवणाऱ्यानेच चोराला वाट ठेवलीय म्हणायची, पेट्रोल इथून उडून तरी जात असणार नाहीतर कुणी नळी घालून ओढत असणार. टाचणीच्या भोकातून कोणती नळी जाते हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. खिडकीच्या काचा बसवताना लावतात ती लांबी त्यांनी भोकात दाबून भरली, सुकू दिली, आणि झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची एक गोल चकती कापून बसवली. बंद करताना झाकण चिरकत बसलं. त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

आठवडाभरात व्हॅन बिघडली.

म्हणजे सुरू व्हायची झोकात. वीस-पंचवीस मिनिटं सुरळीत चालायची. मग इंजिन अडखळायला लागायचं, थरथरायचं, पाय दाबला तरी ओढ नाही, आणि चौकात नेमकं मधोमध येऊन गप्प. बराच वेळ गेला की कशीबशी पुन्हा सुरू. दुपारी जावयाच्या हातात हे रोज होऊ लागलं. सकाळी काकांच्या हातात मात्र क्वचित, तेही जरासं अडखळून.

काकांनी संशयितांची यादी केली. पहिला पेट्रोल पंप. त्यांनी बाटलीभर पेट्रोल काढून खिडकीत उन्हात ठेवलं, खाली पाणी साचतं का बघायला. काकूंनी ते पाहिल्यावर घर जाळायचा विचार आहे का, असं विचारून बाटली अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. पाणी काही दिसलं नाही. दुसरा संशयित लाँड्रीजवळचा मेकॅनिक. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलची जाळी साफ केली. गाडी त्याच्या ताब्यात देण्याआधी काकांनी मुलीची नेलपॉलिशची बाटली मागून आणली होती आणि इंजिनाच्या एकेका भागावर लाल ठिपका दिला होता, नवं काढून जुनं बसवलं तर कळावं म्हणून. मेकॅनिकने सीट उचलली तर आत सगळीकडे लाल ठिपके. त्याला वाटलं गाडीला काही रोग झालाय. काम तर त्याने प्रामाणिकपणे केलं, ठिपके सगळे जागच्या जागी निघाले, पण व्हॅन दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चौकात उभी.

उरला तिसरा. सकाळी चालते आणि दुपारी बंद पडते ती गाडी एकच, इंजिन एकच, पेट्रोल एकच. बदलतो तो फक्त चालवणारा. बावीस वर्षं फाटकावर काढलेल्या माणसाला याच्यापुढे काय विचार करायचा असतो? पेट्रोल विकायचं, वेळ भरून काढायला गाडी बंद पडल्याचं सांगायचं, किंवा गाडीची ब्याद इतकी वाढवायची की म्हातारा वैतागून ती विकून टाकेल. तिन्ही गोष्टी काकांना एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या.

त्या मंगळवारी इस्पितळात दुपारच्या शस्त्रक्रियांसाठी लागणाऱ्या चादरी दीड तास उशिरा पोचल्या. जावयाने चढाच्या मध्यावर, उन्हात, दोन अनोळखी माणसांच्या मदतीने व्हॅन कडेला ढकलली होती. इस्पितळाच्या कपडेखात्याच्या बाईंनी लाँड्रीला फोन केला, लाँड्रीने काकांना. जावई घरी आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, तळहात काळे. काका दारातच छडी घेऊन उभे होते. टाकी उघडून, छडी बुडवून त्यांनी ती जावयासमोर धरली.

"माझ्या हातात ही गाडी बंद पडत नाही," काका म्हणाले. "तुमच्याच हातात कशी पडते?"

जावयाने छडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा, बाबा."

"दीड तास गाडी कुठे होती, एवढंच विचारतोय."

जावयाने गाडीची किल्ली पायरीवर ठेवली आणि तो वर गेला. मुलगी जिन्यात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. दोन दिवसांनी काकूंकडून कळलं की जावयाचा मावसभाऊ लांबच्या शहरात खोकी बनवायच्या कारखान्यात आहे, तिथे जागा आहे, आणि दोघं येत्या रविवारी चालली आहेत. नातही अर्थात बरोबर. ती सहा वर्षांची होती आणि तिला फक्त एवढंच माहीत होतं की नव्या घराला गच्ची आहे.

काकू त्या दिवशी काकांना म्हणाल्या, "चोर पकडलात ना? आता बसा फाटकावर एकटे." आणि जेवणाचं ताट ठेवून निघून गेल्या. जावई चोर आहे असं काकांना ठामपणे वाटत होतं, आणि तो जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं. तो गुन्हेगार ठरला तर मुलगी जाणार. नाही ठरला तर आपण काय ठरणार? त्यांनी मनाशी ठरवलं की एकदा पुरावा मिळू दे, मग मोठ्या मनाने माफ करू. गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय माफ तरी कसं करायचं?

पुराव्यासाठी ते शुक्रवारी सकाळी व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावरल्या गॅरेजवाल्या बाईंकडे गेले. लाँड्रीच्या मालकाने नाव सुचवलं होतं. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, वडिलांचं गॅरेज एकटीने चालवणाऱ्या. काकांनी आधी गॅरेजभर नजर फिरवली. हत्यारं भिंतीवर आपापल्या खुणेच्या जागी टांगलेली. फार नीटनेटकं होतं. काकांना तेही खटकलं.

बाईंनी इंजिनाला हातच लावला नाही. त्या प्रश्न विचारत बसल्या. कोण चालवतं, किती वेळाने बंद पडते, टाकी भरलेली असताना जास्त की रिकामी होत आल्यावर, पेट्रोल कोण भरतं आणि कधी. काकांनी उत्तरं दिली, पण तोंड वाकडं करून. आयुष्यभर प्रश्न विचारलेल्या माणसाला उत्तरं देणं जड जातं. पेट्रोल आपणच भरतो, सकाळची फेरी संपवून, दुपारच्या आधी, टाकी गळ्यापर्यंत, असं त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले की इंजिनात दोष नसावा, कुणी मुद्दाम काही करतंय का तेवढं बघा. बाईंनी चष्मा लावून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"काका, मला ती बंद पडताना बघायचीय," त्या म्हणाल्या. "टाकी भरून आणा, आपण फिरून येऊ."

काका पंपावर जाऊन टाकी भरून आले. बाईंनी सीट उचलून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीचा एक तुकडा काढला आणि त्या जागी आरपार दिसणारी नळी बसवली. सीट मागे टाकून, इंजिन उघडं ठेवून त्या शेजारी स्टुलावर बसल्या. काका चालवत होते, आणि एक डोळा बाईंच्या हातांवर होता. हात मांडीवरच होते.

पंचवीस मिनिटांनी इंजिन अडखळलं. बाई नळीवर वाकल्या. इतका वेळ पेट्रोलने भरलेली नळी रिकामी होत चालली होती, आत नुसते बुडबुडे. इंजिन थरथरलं आणि दोन गचके देऊन बंद पडलं. बाई काही बोलायच्या आत काका खाली उतरले, गळ्यातली किल्ली काढली, झाकण उघडलं आणि खिडकीजवळच्या खाचेतली छडी काढून टाकीत बुडवली. त्यांच्या दृष्टीने हे श्वास घेण्याइतकं साधं होतं. गाडी थांबली की आधी पेट्रोल तपासायचं.

"ते काय करताय?" बाईंनी विचारलं.

"पेट्रोल बघतोय."

"नेहमी बघता?"

"गाडी थांबली की बघतोच. प्रत्येक ठिकाणी."

"आणि उघडताना तो आवाज झाला ना, सुस्स करून?"

काकांच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं. ते म्हणाले की आवाज होतोच, झाकण इतकं गच्च बसतं. बाई म्हणाल्या, लावा झाकण, करा सुरू. व्हॅन पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि नळी पेट्रोलने भरून आली.

पुढच्या वीस मिनिटांत पुन्हा तेच झालं. या वेळी बाईंनी काकांना खाली उतरू दिलं नाही. दोघं दहा मिनिटं बसून राहिली, बाईंनी तीन वेळा किल्ली फिरवायला लावली, इंजिन नुसतं घरघरलं. काकांच्या मनात एक गोष्ट पुढे सरकत होती आणि ते तिला मागे ढकलत होते.

"आता जा, झाकण उघडा," बाई म्हणाल्या. काकांनी उघडलं. सुस्स झालं. "बसा. सुरू करा."

सुरू झाली.

बाईंनी झाकण हातात घेतलं, उलटं केलं, भोकातल्या लांबीवर नख फिरवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, रागावून नाही, लहान मुलाला सांगावं तसंही नाही. बाटलीला तोंड लावून नुसतं ओढत राहिलं आणि आत हवाच जाऊ दिली नाही, तर थोड्या वेळाने काही येत नाही, तसं. या व्हॅनच्या टाकीत हवा शिरायला वाट होती ती हीच, टाचणीएवढी. ती बुजली की इंजिन पेट्रोल ओढत राहतं आणि शेवटी त्याला काही मिळत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून ते लवकर होतं. सकाळी टाकी कमी भरलेली असते, आणि तुम्ही दर ठिकाणी झाकण उघडून बघता, म्हणून तुमच्या हातात गाडी चालते.

"दुपारी चालवतात त्यांच्याकडे याची किल्ली असते का?" बाईंनी शेवटी विचारलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. ते रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसले. भर उन्हात, चढावर, दीड तास, आणि हातात किल्ली नाही. ज्या माणसाने काहीच केलं नव्हतं त्याला त्यांनी दारात उभं करून ओली छडी दाखवली होती. लाज वाटली, इतकी की बाईंकडे बघवेना. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्याच वेळी मनाचा एक कोपरा विचारत होता की मग ती दोन बोटं कुठे जातात? त्यांनी तेही विचारून टाकलं. बाई म्हणाल्या, दुपारची फेरी कुठून जाते? टेकडीवरून, काका म्हणाले. इस्पितळ जोडल्यापासून ती त्यांनी एकदाही केली नव्हती.

बाईंनी लांबी टोकरून काढली, रबराची चकती फेकली, आणि झाकण परत दिलं. दुरुस्ती म्हणावी अशी एवढीच. निघताना काकांनी चाचरत विचारलं की घरी विचारलं तर कार्बोरेटरमध्ये कचरा होता असं सांगितलं तर चालेल का. बाई हात पुसत म्हणाल्या, गाडी तुमची, घर तुमचं.

घरी पोचेपर्यंत काकांनी तो कचरा चांगला घोळवून तयार केला होता. ते गुडघा धरत वर गेले. खोलीत खोकी भरणं चाललं होतं. जावई भांडी कागदात गुंडाळत होता, मुलगी नातीचे कपडे घड्या करत होती. काका दारात उभे राहून म्हणाले की गाडी सापडली, म्हणजे दोष सापडला, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकत होता. कुणाचीच चूक नव्हती.

जावयाने "बरं झालं" म्हटलं आणि पुढचं पातेलं उचललं. कागदाचा आवाज होत राहिला. काकांना वाटलं होतं की एवढ्यावर काहीतरी सैल होईल. काही झालं नाही.

मुलीने घडी खाली ठेवली. "कचरा होता तर मग तुमच्या हातात का नाही बंद पडायची, बाबा?"

त्यांचाच प्रश्न. मुलीला शोभेल असा, सरळ, डोळ्यांत बघून विचारलेला. या प्रश्नातून सुटका नसते हे त्यांना चांगलं माहीत होतं. काका दाराशेजारच्या खोक्यावर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. भोक, लांबी, सायकलची ट्यूब, छडी, सगळं. पेट्रोल चोरीचा संशय कुणावर होता तेही सांगितलं, नाव घेऊन नाही, 'तुमच्यावर' असं म्हणून. सांगताना त्यांनी वर पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. गाडी मीच बंद पाडत होतो."

मग जावई बोलला, आणि काकांनी त्याला एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"चढावर गाडी ढकलली त्या दोघांनी मला विचारलं, पेट्रोल आहे ना? मी म्हणालो, आहे. ते म्हणाले, उघडून बघ. मी म्हणालो, किल्ली सासऱ्यांकडे असते. ते एकमेकांकडे बघून हसले." तो थांबला. "तेही सोडा. मला वाटायला लागलं होतं की माझ्याच हाताला काही झालंय. छापखान्याचं यंत्रही माझ्याच पाळीत बंद पडलं होतं शेवटचं. मी रोज क्लच कसा सोडतो, पाय कसा ठेवतो, ते बघत बसायचो."

काकांनी गळ्यातला दोरा काढला आणि टाकीची किल्ली पुढे केली. म्हणाले, ही तुमच्याकडे ठेवा. रविवारी जाऊ नका.

जावयाने किल्ली घेतली नाही. "आणि उद्या पाचाची सहा बोटं झाली तर?"

होणार नाही म्हणावं, तर पेट्रोल कुणाच्या शब्दावर जळत नाही. विचारणार नाही म्हणावं, तर खोलीतल्या तिघांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसला नसता, त्यांचा स्वतःचा धरून.

जावयाने मुलीकडे पाहिलं. त्या दोघांत काय ठरलं ते काकांना कळलं नाही. मग तो म्हणाला, "मी गाडी चालवीन. पण तुम्ही शेजारी बसायचं. रोज, पूर्ण फेरी. तसं जमत असेल तर थांबतो."

काकांना हे जमण्यासारखं नव्हतं. दुपारी त्यांना पडायला लागायचं, गुडघा वाकवून बसलं की रात्रभर ठणका. ते म्हणाले, जमेल.

सोमवारी दुपारी दोघं निघाले. टेकडीचा चढ काकांनी पहिल्यांदा आतून पाहिला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन कण्हत होतं, पुढे लाकडांनी भरलेला ट्रक, मागे भोंगे, आणि सलग वीस मिनिटं पाय दाबलेला. दोन बोटं कुठे जातात ते डोळ्यांदेखत जळत होतं.

इस्पितळाच्या मागच्या दाराशी जावयाने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, गाडीची किल्ली काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली. मग उतरून चादरींचे गठ्ठे आत नेले, मळलेले आणले. बसला आणि हात पुढे केला. काकांनी किल्ली दिली. दवाखान्यापाशीही तसंच. पहिल्या लॉजपाशीही. तो ती रागाने ठेवत नव्हता, फेकत नव्हता, नुसती व्यवस्थित ठेवत होता आणि परत मागत होता, काकांनी घामेजलेली परत देईपर्यंत वाट बघत होता. दुसऱ्या लॉजपाशी काका म्हणाले, राहू दे ना गाडीलाच. जावई म्हणाला, "असू द्या तुमच्याकडे," आणि उतरला. त्या शांतपणाने काकांचा जीव अर्धा झाला. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी खाल्ल्या असत्या.

शेवटचं ठिकाण केस कापायचं दुकान होतं. गाडी थांबली. जावयाचा हात किल्लीकडे जायच्या आत काकांनी आपल्या बाजूचं दार उघडलं, गुडघा दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतला आणि ते उतरले. मागे जाऊन त्यांनी दार उघडलं, टॉवेलांचा एक गठ्ठा छातीशी धरला आणि लंगडत दुकानाच्या पायऱ्या चढायला लागले. गठ्ठ्यापुढे पायरी दिसत नव्हती, पाय चाचपून ठेवावा लागत होता. दुकानातल्या माणसाने विचारलं, आज तुम्ही? काका म्हणाले, हो, गाडीत जावई आहेत.

ते मळलेल्या टॉवेलांची पिशवी घेऊन परत आले तेव्हा जावई स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता आणि इंजिन चालू होतं.